रंग नंतर, सांधे आधी

घट बसायच्या आधी आपल्या तुळजापुरात घरोघरी झाडलोट निघते. गोधड्या धुतल्या जातात, डबे घासले जातात, भिंतींना रंगाचा हात दिला जातो. या सगळ्या गडबडीत जमिनीकडे लक्ष जातं ते सगळ्यांत शेवटी. त्यातून गाडी लावायची खालची खोली असेल, तर ‘तिथं कोण बघतंय’ म्हणून ती तशीच राहते. नाहीतर डबाभर रंग आणून एका दुपारी फासून टाकली जाते.

पण मैत्रिणींनो, आपल्या गावात गॅरेज म्हणजे नुसतं गॅरेज नसतं. एरवी तिथं स्कूटर आणि सायकली उभ्या असतात. नवरात्रात आणि कोजागरीच्या पौर्णिमेला गाव यात्रेकरूंनी फुलून जातं. तेव्हा तिथं सतरंज्या अंथरून पाहुण्यांची सोय होते. सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटर अनवाणी चालत आलेली माणसं त्या जमिनीवर पाठ टेकतात. घरात कार्य निघालं की तिथंच गोंधळ उभा राहतो, दिवटीचं तेल ठिबकतं, हळदकुंकू सांडतं. म्हणजे एका जमिनीवर गाडीचं चाकही फिरतं आणि थकलेलं पाऊलही पडतं. अशी जमीन धड असणं हा हौसेचा भाग नाही, ती गरज आहे.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी नवरात्राआधी घाईघाईत खालची जमीन रंगवून घेतली. जुन्या कोब्यातल्या रेषा पाहून गवंडी म्हणाला, “वहिनी, सिमेंट फासून देतो की! वर रंग बसल्यावर काय दिसतंय?” लाल तुकतुकीत जमीन आठ दिवस सगळ्यांनी वाखाणली. होळीपर्यंत मात्र जिथं जिथं जुनी रेषा होती, नेमकी तिथंच रंगाला चीर पडली. मग त्या चिरेच्या कडा उचलल्या आणि फासलेल्या सिमेंटच्या खपल्या निघाल्या. चैत्रात आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचा पाय रात्री अशाच एका तुटक्या कडेला अडकला. नशिबाने हाडावर बेतलं नाही. काकूंना सगळं काम खरवडून पुन्हा करावं लागलं आणि रंगाचा खर्च दोनदा झाला.

रंग वाईट नव्हता. गवंडीही कामचुकार नव्हता. चुकीची होती ती समजूत. कोब्यातला सांधा हा दोष आहे आणि तो बुजवला की काम संपलं, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर बहुतेक सांधे मुद्दाम ठेवलेले असतात.

सांधा असतो तरी कशाला?

आपल्या आज्यांच्या काळी जमीन मातीची होती. दर आठवड्याला शेणाचं सारवण व्हायचं आणि त्यात बारीकसारीक भेगा आपोआप भरून निघायच्या. त्यानंतर शहाबादी फरशी आली. ती तुकड्यातुकड्यांनी बसवतात, त्यामुळे प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये दरज असतेच. सिमेंटचा कोबा मात्र ओला असताना एकसंध ओततात. वाळताना तो आकसतो. आकसताना त्याला कुठंतरी ताण पडतो आणि तो तुटतो. कुठं तुटायचं हे आपण ठरवलं नाही, तर तो मनाला येईल तसा वेडावाकडा तुटतो. म्हणून जाणते गवंडी कोबा करताना चौकोन पाडतात आणि चौकोनांच्या मध्ये काचेच्या पट्ट्या उभ्या बसवतात. गॅरेजसारख्या जाड काँक्रीटमध्ये यंत्राने रेघ कापतात. ही रेघ जाडीच्या साधारण पाव भाग खोल हवी. म्हणजे चार इंच जाडीला एक इंच. तडा जायचाच असेल तर तो त्या रेघेच्या तळाशी, सरळ जावा, हा त्यामागचा हेतू.

आकसण्याचं काम बहुतेक पहिल्या वर्षा-दोन वर्षांत उरकतं. तापणं आणि निवणं मात्र कायम चालूच राहतं. शाळेत मुलांना मी पूर्वीच्या रेल्वे रुळांमधल्या फटींचं उदाहरण देते. उन्हाने रूळ लांबतो, म्हणून जागा सोडलेली असे. कोब्याचंही तसंच. दहा फूट लांबीचा कोबा वीस अंशांनी तापला, तर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त लांबतो. हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण रंगाचा एक हात कागदाएवढा जाड असतो, हे लक्षात घ्या. सांध्यावर ताणून बसवलेला तो कागद रोज ओढला आणि रोज दाबला गेला, तर किती दिवस टिकणार? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि शटर उघडं असेल तर दुपारचं ऊन थेट आत येतं. तेव्हा उंबऱ्याजवळचा सांधा आतल्या सांध्यापेक्षा जास्त हलतो.

आधी ओळख, मग औषध

जमीन झाडून, पुसून कोरडी करा आणि खडू घेऊन बसा. जिथं जिथं रेषा दिसेल तिथं खूण करा. तुम्हाला साधारण चार प्रकार आढळतील.

पहिला, भिंतीच्या किंवा खांबाच्या कडेची फट. भिंत वेगळी हलते आणि जमीन वेगळी, म्हणून ती असते. वाळवीला आत शिरायला हीच वाट सोयीची वाटते. कडेला मातीची नळी दिसली तर दुरुस्तीआधी वाळवीचा बंदोबस्त करा.

दुसरा, मुद्दाम कापलेली सरळ रेघ किंवा काचपट्टी.

तिसरा, काम एका दिवशी थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे नेलं, तिथं पडलेला जोड. बऱ्याचदा इथं दोन्ही बाजूंचा रंगही किंचित वेगळा दिसतो.

चौथी म्हणजे भेग. ती वाकडीतिकडी जाते आणि कुणीही मुद्दाम पाडलेली नसते.

आता ही भेग हलती आहे की थांबलेली, हे पाहायचं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करा आणि शेजारी तारीख घाला. दोन्ही कडांवर एकेक टिंब काढा, त्यांमधलं अंतर पट्टीने मोजून कॅलेंडरवर लिहा. जुने गवंडी भेगेवर काचेची छोटी पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवून ठेवत. पट्टी फुटली की भेग हलतेय हे कळायचं. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा असं बघितलं तर उत्तम. तेवढा धीर नसेल, तर दोन-तीन महिने तरी बघाच.

नंतर लाटण्याच्या टोकाने किंवा नाण्याने जमीन ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. ‘बद्द’ आवाज आला, तर वरचा थर खालून सुटला आहे. तेवढा भाग काढून पुन्हा करावा लागेल. त्यावर रंग म्हणजे सुटलेल्या पापुद्र्यावर पावडर.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आपला भाग विसरलेला नाही. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांतली गावंच्या गावं कोसळली. त्यामुळे भेग दिसली की आजही आपल्या छातीत धस्स होतं. प्रत्येक भेग घातक नसते, पण काही असतात. जमिनीवरची भेग भिंतीवर चढली असेल, भेगेची एक बाजू खाली बसून पायरी पडली असेल, किंवा तारखा घालून पाहिल्यावर ती वाढतच चालली असेल, तर रंगारी किंवा गवंडी नको, इंजिनिअरला बोलवा. घाट उतरल्यावर खालच्या काळ्या रानात बांधलेल्या घरांनी तर विशेष जपायला हवं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. जोत्याखालची काळी माती काढून मुरूम भरला नसेल, तर वरची जमीन दरवर्षी हलणारच. तिथं नुसती वरून डागडुजी करून भागत नाही.

तेल, धूळ आणि जुनं सिमेंट

कोणतंही भरण स्वच्छ कडेलाच धरतं. छन्नी-हातोडी घेऊन सांध्यातलं जुनं, सुटं सिमेंट काढून टाका. तारेच्या ब्रशाने दोन्ही कडा घासा. खोल बसलेली धूळ झाडूने निघत नाही. त्यासाठी सायकलचा पंप छान चालतो. नाकातोंडाला ओला रुमाल बांधा. यंत्राने रेघ कापायची असेल तर कारागिराला पाणी मारत कापायला सांगा आणि त्यालाही तोंडाला पट्टी बांधायला लावा. सिमेंटची बारीक धूळ फुप्फुसांना वाईट.

स्कूटरचं ऑइल आणि दिवटीचं तेल हे रंगाचे खरे वैरी. ताज्या डागावर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून घ्या. मग कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून ब्रशाने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. डाग गेला का, हे पाण्याच्या थेंबाने कळतं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे. थेंब पसरून कोब्यात मुरला तर जमीन तयार आहे.

फरशी धुण्याचं ॲसिड वापरायचा मोह टाळा. शेजारच्या पट्ट्यात शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर ते सांडताच फेस येतो, कारण शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे आणि ॲसिड त्याला खातं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर चुकूनही एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत जिवावर बेततो.

थांबलेल्या भेगेला सिमेंट

जी भेग हलत नाही, ती कठीण भरणाने भरायची. पण केसासारख्या चिरेत सिमेंट शिरत नाही, नुसतं वर फासलं जातं. म्हणून ती छन्नीने निदान पाव इंच रुंद आणि अर्धा इंच खोल करून घ्या. कडा उभ्या ठेवा, उतरत्या नकोत. उतरत्या कडेवर भरण पातळ होत जातं आणि तेच आधी सुटतं.

आदल्या दिवशी भेगेत पाणी मारा. भरताना ती ओलसर हवी, पाणी साचलेलं नको. आधी सिमेंटची पातळ लापशी ब्रशाने कडांना लावा. ती ओली असतानाच एक भाग सिमेंट आणि तीन भाग चाळलेली, धुतलेली वाळू यांचा घट्ट माल करणीने दाबून भरा. दुकानात पाण्यात मिसळायचं दुधासारखं पांढरं रसायन मिळतं. ते डब्यावर दिलेल्या प्रमाणात घातलं तर जुन्या कोब्याला नवा माल चांगला धरतो. नंतर सात दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवा. ओल राखण्याच्या कामात कंटाळा केला, तर माल भुसभुशीत होतो. हातात रबरी मोजे घालायला विसरू नका, ओलं सिमेंट कातडी जाळतं.

सांध्याची कड तुटली असेल तर तीही याच मालाने बांधायची. फक्त एक पथ्य पाळा. माल सांध्याच्या दुसऱ्या बाजूला चिकटता कामा नये. तेल लावलेली पातळ लाकडी पट्टी सांध्यात उभी करा, तिच्यापर्यंत कड भरा आणि माल आवळला की पट्टी अलगद काढा. नाहीतर दोन्ही बाजू जोडल्या जातील आणि पहिल्या उन्हाळ्यात कड पुन्हा तुटेल. आमच्या काकूंकडे झालं ते हेच.

हलत्या सांध्याला लवचीक मलम

भिंतीकडेची फट आणि उन्हातला सांधा यांना कठीण माल चालत नाही. त्यासाठी रबरासारखं ताणणारं मलम मिळतं. दुकानदार त्याला सीलंट म्हणतात. जमिनीसाठी पॉलियुरेथेनचं मागा. सिलिकॉनचं नको, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही.

सांधा गळ्यापर्यंत मलमाने भरायचा नसतो. आधी फटीपेक्षा किंचित जाड अशी फोमची गोल दोरी आत दाबून बसवा. दुकानात तिला बॅकर रॉड म्हणतात. तिच्यावर मलमाचा थर फटीच्या रुंदीच्या निम्मा खोल ठेवा. मलम दोन्ही कडांना चिकटावं, तळाला नाही. केसांचा रबरबँड दोन टोकांना धरून ओढला तर छान ताणतो. पण तो मधोमध टेबलाला चिकटवलेला असेल तर ओढताच तुटेल. तसंच हे. दोन्ही कडांवर आधी चिकटपट्टी लावून घेतली की काम रेखीव होतं.

चाकांच्या वाटेवरची, आतल्या बाजूची कापलेली रेघ मात्र वेगळी. कोबा जुना असेल आणि रेघ फारशी हलत नसेल, तर तिथं मऊ मलम चाकाखाली आणि स्टँडच्या टोकाखाली दबतं आणि कडा उघड्या पडतात. अशा रेघेत एपॉक्सीचं अर्धकठीण भरण तळापासून वरपर्यंत भरतात.

भरायची वेळही बघा. थंडीत फट मोठी होते आणि उन्हात लहान. ऐन मे महिन्याच्या दुपारी भरलं तर हिवाळ्यात ते ओढलं जाऊन कडेपासून सुटतं. कार्तिक-मार्गशीर्षातली सकाळ या कामाला चांगली. पावसाची ओल तोवर बरीच उतरलेली असते. म्हणूनच नवरात्राच्या तोंडावर हे काम काढू नये. यंदा तपासणी करा, दिवाळीनंतर दुरुस्ती आणि रंग करा, म्हणजे पुढच्या यात्रेला जमीन तयार.

खालची ओल

रंग सुटण्याचं दुसरं कारण म्हणजे पोटातून येणारं पाणी. त्याची परीक्षा फुकटात होते. जाड प्लॅस्टिकचा दीड फूट चौरस तुकडा जमिनीवर पसरा, चारही बाजू चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस-एक रात्र ठेवा. उचलल्यावर आतून दव दिसलं किंवा कोबा काळपट पडला असेल, तर रंग लावू नका. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. बाहेरचा उतार घराकडे आहे का? मोरीचा पाइप गळतोय का? पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साठतंय का?

आपल्याच तालुक्यात नळदुर्गला बोरी नदीवर दगडी बांध आहे आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं आणि खालच्या दालनात माणूस उभा राहू शकतो. दगड कितीही भक्कम असला, तरी पाणी अडवण्याचं निम्मं काम सांधे करतात, हे तिथं उभं राहिलं की पटतं.

आणि आता रंग

नवा कोबा असेल तर निदान २८ दिवस जाऊ द्या. जुना कोबा पॉलिश पेपरने किंवा यंत्राच्या दगडाने घासून किंचित खरबरीत करा, धूळ पुसा. आधी अस्तर, मग रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात कधीही नको. एपॉक्सीचे दोन डबे एकत्र केल्यावर ते लवकर घट्ट होतं आणि उकाड्यात तर फारच लवकर. म्हणून थोडं थोडं कालवा. हात दिवस उतरल्यावर द्या. सकाळी जमीन तापत असताना लावलं तर कोब्यातली हवा वर येते आणि रंगाला फोड धरतात. दारं-खिडक्या उघडी हवीत, मुलं लांब. थिनर असेल तिथं देवाचा दिवाही लावू नका.

हलता सांधा रंगाखाली झाकायचा नाही. त्याच्या कडा आधी दुरुस्त करा, त्यात कागद कोंबून चिकटपट्टी लावा आणि रंग कडेपर्यंत आणून थांबवा. रंग वाळल्यावर शेवटी मलम भरा. रेषा दिसेल, दिसू द्या. सरळ, भरलेली रेषा वाकड्या चिरेपेक्षा केव्हाही देखणी.

पाहुण्यांचे पाय ओले असतात, हेही ध्यानात असू द्या. तुकतुकीत रंगावर पाणी पडलं की म्हातारी माणसं घसरतात. शेवटचा हात ओला असतानाच त्यावर चाळलेली, धुऊन वाळवलेली बारीक वाळू भुरभुरवा. पावलाला आधार मिळतो. गाडी साइड स्टँडवर उभी करताना खाली लाकडाचा तुकडा ठेवायची सवय घरातल्या मुलांना लावा, नाहीतर त्या एका टोकाने सगळी मेहनत वाया जाते.

हे सारं तुम्ही स्वतःच्या हाताने करावं असा माझा आग्रह नाही. पण काम चालू असताना घरी आपणच असतो. कारागीर दहा वाजता येतो, घरातली पुरुषमंडळी तेव्हा ऑफिसात किंवा दुकानात असतात. सिमेंट कुठं भरायचं आणि कुठं नाही, हे त्या क्षणी विचारलं जातं ते आपल्याला. तेव्हा ‘यांना विचारून सांगते’ म्हणण्यापेक्षा तीन प्रश्न विचारा. ही रेषा हलती आहे की थांबलेली? तेल आणि धूळ पूर्ण निघाली का? प्लॅस्टिक ठेवून ओल बघितली का? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत रंगाचा डबा उघडू देऊ नका.